इक्लीसारख्या जागतिक नेटवर्कचं मेंबर होऊन म्हापशासारख्या लहान शहराच्या हाती काय लागतं?

म्हापसेकर

नमस्कार मंडळी, प्रश्न लांब आहे पण जरा वेळ काढून वाचा. आमच्या वॉर्डातल्या आठ-दहा जणांचा ग्रुप आहे, शुक्रवारच्या बाजाराच्या कचऱ्यासाठी आम्ही तीन वर्षं पालिकेत खेपा घालतोय. ज्यांनी शनिवारी सकाळी सहाला बाजाराच्या मागची बाजू बघितलीय त्यांना सांगायला नको. कोबीची पानं, केळीचे कोके, सुक्या मासळीच्या खालचे ओले पुठ्ठे आणि त्यात बरबटलेल्या पातळ पिशव्या, सगळं एकाच ढिगात. पावसाळ्यात त्याचं पाणी गटारातून सरळ तार नदीला. माझं लहानपण त्या नदीकाठी गेलंय म्हणून मला ते बघवत नाही, इतकंच.

तर ग्रुपमधली एक मुलगी दिल्लीला प्लॅनिंग शिकून आलीय, तिचं म्हणणं म्हापसा पालिकेनं इक्ली नावाच्या संस्थेचं मेंबर व्हावं, जगभरच्या पालिकांचं नेटवर्क आहे, नफा कमावणारी कंपनी नाही, शहराचा विकास निसर्गाला न ओरबाडता कसा करायचा यावर काम करतं. आमच्या नगरसेवकालाही ते पटलंय. पण ग्रुपमधले दोन काका म्हणतात की असली मेंबरशिप म्हणजे वर्षाची फी, भिंतीवर एक सर्टिफिकेट आणि कुणीतरी परदेशात कॉन्फरन्सला जाऊन येणार, कचरा तिथंच. मला दोन्ही बाजू पटतात आणि म्हणून अडकलोय. पत्र द्यायचं तर पुढच्या महिन्यात द्यावं लागेल. कुणाला आतली माहिती असेल तर सांगा, प्लीज.

डिचोलीकर_पुण्यात

मी याच क्षेत्रात काम करतो (इक्लीत नाही), तर आधी ती संस्था काय आहे ते सांगतो. १९९० साली न्यूयॉर्कला युनोच्या मुख्यालयात एक परिषद झाली, ४३ देशांतल्या २०० हून जास्त स्थानिक सरकारांचे लोक आले होते, तिथं हिचा जन्म झाला. तेव्हाचं नाव इंटरनॅशनल कौन्सिल फॉर लोकल एन्व्हायर्नमेंटल इनिशिएटिव्ह्ज, त्याचीच आद्याक्षरं म्हणजे इक्ली. आता लांब नाव वापरत नाहीत. मुख्य ऑफिस जर्मनीत बॉनला, दक्षिण आशियाचं ऑफिस दिल्लीत २००५ पासून. १२५ हून जास्त देशांतली २५०० वर शहरं आणि प्रांत जोडलेले आहेत.

काकांच्या शंकेबद्दल. फी लोकसंख्या आणि देशाचं उत्पन्न बघून ठरते, त्यामुळं ४० हजार वस्तीच्या गावाला मुंबईएवढी फी पडत नाही. पण फी भरली म्हणून पैसा येत नाही हे पक्कं समजून घ्या, इक्ली ही अनुदान देणारी संस्था नाहीच. ती कामाची पद्धत देते, माणसं देते, आणि एखाद्या देशाचं सरकार किंवा युरोपियन युनियन प्रोजेक्टला पैसा देतं तेव्हा त्यात शहरांना ओढून घेते. पद्धत म्हणजे १९९३ पासूनची त्यांची पाच पायऱ्यांची वाट: आधी मोजा, मग टार्गेट ठरवा, आराखडा करा, अमलात आणा, परत मोजा. ऐकायला साधं आहे पण आपल्याकडं बहुतेक पालिका तिसऱ्या पायरीवर उडी मारतात आणि पहिली आणि पाचवी कुणी करतच नाही, त्यामुळं आराखडा जुना झाला की नवा आराखडा, आणि आधीच्यानं काय साधलं ते कुणालाच माहीत नसतं. २०१४ साली लिमाच्या हवामान परिषदेत शहराचं उत्सर्जन मोजायचा जो जागतिक नियम जाहीर झाला तो इक्ली, सी४० आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट यांनी मिळून केलेला. सी४० ही वेगळी, मोठ्या शहरांची, तिथं आपला नंबर लागणार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. रॉकफेलर फाउंडेशननं २०१३ मध्ये १०० रेझिलियंट सिटीज, म्हणजे शहरांना संकटं झेलायला तयार करायचा कार्यक्रम, सुरू केला, त्यात पुणं होतं, सुरत, चेन्नई होतं. २०१९ मध्ये फाउंडेशननं तो कार्यक्रम बंद केला. शहरांनी पुढं आपलं वेगळं नेटवर्क बांधलं ते सोडा, पण देणाऱ्याचा हात आखडला तर काय हा प्रश्न पत्र द्यायच्या आधीच विचारून ठेवायचा. इक्ली त्या मानानं टिकलीय कारण ती मेंबर शहरांचीच संस्था आहे, एका फाउंडेशनच्या जीवावर उभी नाही.

पणजी_मार्केट

दादा, गोव्याचं उदाहरण लांब शोधायला नको, पणजी आहेच की. म्हापसा आणि पणजी महापालिका, २०११ च्या जनगणनेत दोन्हीकडं साधारण ४० हजारच माणसं, त्यामुळं लहान शहराला घेत नाहीत असं काही नाही. इक्लीचं इकोलॉजिस्टिक्स म्हणून काम होतं, शहरात माल आणणाऱ्या गाड्यांचं प्रदूषण कमी कसं करायचं याचं, २०१७ ला सुरू झालं, जर्मन सरकारचा पैसा, आणि भारतातून तीनच शहरं होती: कोची, शिमला आणि आपली पणजी. मार्केटात माझं किराणा मालाचं दुकान आहे म्हणून हा विषय मला आतून माहीत आहे.

सकाळी साडेदहाला या कधी. एकाच गल्लीत चार टेम्पो, कुणाकडं बिस्किटं, कुणाकडं साबण, कुणाकडं तेलाचे डबे, प्रत्येक गाडी अर्धी रिकामी कारण कंपनी वेगळी, डिस्ट्रिब्युटर वेगळा. जागा नाही म्हणून ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बसतो, पोरगा डोक्यावर खोकी घेऊन पळतो, मागं स्कूटरवाले हॉर्न मारतात. माझ्याच दारात एका सकाळी मी मोजलं, सात गाड्या आल्या आणि सातही मिळून जेवढा माल उतरला तो दोन गाड्यांत बसला असता. हे जगात कुठल्या तरी शहरानं आधीच सोडवलंय, सामाईक गोदाम किंवा उतरवायची ठरलेली वेळ किंवा शेवटच्या टप्प्याला लहान इलेक्ट्रिक गाडी, आणि ते आपल्याला फुकट शिकायला मिळत असेल तर मिळू दे की. फक्त माझी एक विनंती आहे, दुकानदाराला आणि हमालाला पहिल्या दिवसापासून विचारा. मला त्या कामाबद्दल कळलं ते बऱ्याच उशिरा, तेही पेपरमधून. तुमच्या शुक्रवारच्या बाजारात ज्या बायका पहाटेच्या बसनं भाजी घेऊन येतात त्यांना वगळून काही ठरवलं तर ते चार दिवस टिकणार नाही.

निवृत्त_ओव्हरसियर

मी गोव्यातल्या एका पालिकेत २६ वर्षं काढली, नाव घेत नाही. वरच्या तिघांचं बरोबर आहे पण गोव्याची एक अडचण कुणी सांगितली नाही. इक्लीचा सगळा पाया स्थानिक सरकार हा आहे. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं पालिकांकडं द्यायच्या १८ कामांची यादी केली खरी, पण आमच्याकडं पाणी राज्याच्या खात्याकडं, वीज वीज खात्याकडं, बस कदंब महामंडळाकडं, नकाशा टाउन प्लॅनिंग खातं आणि पीडीए (नियोजन आणि विकास प्राधिकरण) यांच्याकडं. पालिकेच्या हातात उरतं काय तर कचरा, बाजार, गटारं, घरपट्टी, लहान रस्ते, बागा. तेव्हा मेंबर होऊन अख्ख्या शहराचा हवामान आराखडा करायला निघालात तर प्रत्येक पानावर दुसऱ्या खात्याची सही लागेल आणि दमून जाल. जे हातात आहे तिथून सुरू करा. कचरा आणि बाजार तुमच्या हातात आहे आणि तुमचा प्रश्नही नेमका तोच आहे, हे नशीब समजा.

दुसरं, माणूस. आमच्याकडं एकदा बाहेरच्या संस्थेबरोबर फार चांगला अभ्यास झाला होता, प्रत्येक नाल्याची रुंदी, कुठं गाळ साचतो, सगळं. मुख्याधिकारी बदलले, नवीन आले, त्यांना कुणी सांगितलंच नाही. दोन पावसाळ्यांनी मी तो रिपोर्ट कपाटाच्या खालच्या कप्प्यातून काढला तेव्हा पानं ओल धरून एकमेकांना चिकटलेली, नकाशे उलगडतच नव्हते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, खरं सांगतो, कारण त्यातली निम्मी मापं मी स्वतः टेप धरून घेतलेली. म्हणून पत्रात लिहून घ्या की या कामाला पालिकेतला कायमचा एक कर्मचारी नेमलेला असेल, आणि तुमच्या ग्रुपकडं प्रत्येक कागदाची प्रत राहील.

दिवाडी

मी दिवाडीची, वडील खाजन शेती करायचे. इक्लीनंच २०१७ पासून इंटरॅक्ट-बायो म्हणून काम घेतलं होतं, ब्राझील, टांझानिया आणि भारत, आणि भारतात कोची, मंगळुरू आणि पणजी. शहराच्या नियोजनात निसर्गाला जागा कशी द्यायची हा विषय. मला त्यातली कल्पना आवडते की खारफुटी, खाजन, तळी ही शहराची मालमत्ता म्हणून धरायची, जशी आपण पाण्याची टाकी किंवा रस्ता धरतो. खाजन म्हणजे काय ते इथं सगळ्यांना माहीतच आहे, बाहेरून वाचणाऱ्यांसाठी सांगते, खाडीकाठी मातीचा बांध घालून खारं पाणी थोपवलेली जमीन. बांधात मानस असते, लाकडी झडपा, भरती आली की पाण्याच्या दाबानंच मिटतात आणि ओहोटीला उघडून आतलं जास्तीचं पाणी बाहेर सोडतात. ना मोटर ना वीज. पावसाचा लोंढा आला की ही शेतं तो पोटात घेतात आणि म्हणून पणजीसारखं सखल शहर इतकी वर्षं राहिलं.

मी हे का सांगतेय तर नेटवर्क म्हटलं की आपण नेहमी शिकायलाच बसतो, जर्मनीनं काय केलं, डेन्मार्कनं काय केलं. आपल्याकडं सांगण्यासारखं आहे हो. समुद्र वर येतोय म्हणून जगातली कितीतरी शहरं काळजीत आहेत, त्यांच्यापुढं मानशीची झडप ठेवा ना. पण बांध फुटला तर बांधायला कूळ संघटनेत आता माणसं उरत नाहीत, बाबा गेल्यावर आमचाही वाटा पडीकच आहे, कोरगुट भाताचं बी आईनं अजून डब्यात जपून ठेवलंय एवढंच. म्हणजे जगाला दाखवायचं तर आधी ते जिवंत ठेवायला हवं. म्हापशाजवळ मयड्याच्या बाजूलाही खाजनं आहेत ना? त्यांचा विचार पत्रात येऊ दे.

म्हापसेकर

सगळ्यांना मनापासून देव बरें करूं. काल रात्री दोन्ही काकांना हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ओव्हरसियर काकांचा तो कपाटाचा भाग ऐकून ते दोघेही गप्प झाले, मग एक काका म्हणाले की आधी मोजूया, मेंबरशिपचं नंतर बघू. तर असं ठरलंय: पुढचे चार शुक्रवार आम्ही स्वतः बाजाराचा कचरा वजन करणार, ओला वेगळा, पुठ्ठा वेगळा, प्लास्टिक वेगळं. साळगावचा कचरा प्रकल्प २०१६ पासून चालू आहे, बायोगॅस करतो, म्हणजे ओला कचरा स्वच्छ मिळाला तर त्याला जायला जागा आहे, आमच्याकडं तो स्वच्छ निघतच नाही ही खरी गोम. भाजीवाल्या बायकांशी मी आणि ती मुलगी आधी बोलणार, पणजी_मार्केट यांचं ते बरोबरच आहे. आकडे हातात आले की पालिकेला पत्र, त्यात नेमलेला कर्मचारी आणि कागदांच्या प्रतींची अट घालून. आणि दिवाडी ताई, मयड्याला माझी मावशी असते, तिच्याकडून खाजनांची माहिती काढतो.

एकच अडलंय, वजनकाटा कुठला घ्यायचा? भंगारवाला भाड्यानं देतो म्हणाला पण त्याच्या काट्यावर माझा भरवसा नाही.

निवृत्त_ओव्हरसियर

भंगारवाल्याचा नको. वजनमापं खात्याचा शिक्का ताजा आहे का ते बघून घ्या, नाहीतर आकडे कुणी मानणार नाही. माझ्या भावाचं काजूचं गोदाम आहे, त्याच्याकडं १५० किलोचा प्लॅटफॉर्म काटा आहे, शुक्रवारी त्याला लागत नाही. मी गुरुवारी संध्याकाळी घेऊन येतो. आणि वही साधी नको, पानांवर नंबर छापलेली घ्या, ओल्या हातानं लिहिलेलं पेन्सिलनंच टिकतं.