फर्नांडिस, रॉड्रिग्ज, लोपीस : या आडनावांवरून वंश कळतो का?

जुनी वही (धागाकर्ता)
स्पॅनिश ‘-एझ’ आणि पोर्तुगीज ‘-एस’ यांचा मूळ अर्थ ‘अमक्याचा मुलगा’ एवढाच आहे. मध्ययुगात हे नाव दर पिढीला बदलत असे. ‘एल सिद’ म्हणून गाजलेला स्पॅनिश योद्धा रोद्रिगो दियाझ (मृत्यू १०९९) हा दिएगो लाइनेझचा मुलगा, तर त्याच्या स्वतःच्या मुलाचे नाव दिएगो रोद्रिगेझ. आपल्याकडे मधले नाव जसे वडिलांवरून बदलते, तसाच हा प्रकार होता. पुढे हीच नावे गोठून आडनावे झाली. फर्नांदो, रोद्रिगो, गोन्सालो ही नावे इबेरियन द्वीपकल्पात (स्पेन-पोर्तुगालमध्ये) घरोघरी असल्याने एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली असंख्य कुटुंबे एकाच आडनावाची झाली. म्हणून या आडनावांवरून वंश शोधणे मला निरर्थक वाटते.

किनारा
निष्कर्ष घाईचा आहे. नाव दर पिढीला बदलत होते, तेव्हाच ते वंशाविषयी सर्वांत नेमके बोलत होते. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो एन्रिकेस याच्या नावातच त्याचे वडील, काउंट एन्रिके, सापडतात. बाराव्या शतकातील दानपत्रे वाचणाऱ्याला याहून चांगला दुवा कोणता मिळणार?

जुनी वही
बाराव्या शतकापुरते मान्य. पण सांतियानाचा मार्केस (ही उमरावाची पदवी), कवी इन्यिगो लोपेझ दे मेंदोसा (जन्म १३९८), याच्या वडिलांचे नाव दिएगो होते, लोपे नव्हे. घराण्यातील एका पूर्वजाचे नाव ‘लोपेझ’सकट उचलून त्याला दिले गेले. म्हणजे उमरावांमध्येसुद्धा हा दुवा तोवर तुटला होता.

किनारा
तुटला, पण त्याची जागा ‘दे मेंदोसा’ने घेतली! घराणे ओळखायचे ते गावाच्या नावावरून, हे ठाऊक असले की पूर्ण नाव वाचता येते. अडचण येते ती फक्त शेपटी धरून बसणाऱ्यांना. शिवाय ‘-एस’ने संपणारे प्रत्येक आडनाव पितृनामही (वडिलांवरून आलेले नाव) नसते, शावेस हे उत्तर पोर्तुगालमधील गावाचे नाव आहे.

तिसरी बाजू
दोघेही इबेरियातच अडकला आहात. फिलिपाइन्समध्ये स्पॅनिश गव्हर्नर-जनरल क्लावेरिया यांनी १८४९ मध्ये हुकूम काढून आडनावांची छापील यादी प्रांतोप्रांती पाठवली, आणि तीमधून कुटुंबांना नावे वाटण्यात आली. काही गावांत तर बहुतेक आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. तिथल्या एखाद्या फर्नांडेझच्या पूर्वजांत फर्नांदो शोधणे हा वेळेचा अपव्यय आहे. गोवा आणि वसईत यादी नव्हती. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्रीचे आडनाव मिळे. वंश तिथेही नाहीच.

किनारा
वंश नाही, पण माहिती आहे. आडनाव पाद्रीकडून आले असेल, तर बाप्तिस्मा कोणी दिला याचा माग त्यातून निघू शकतो. वंशाची स्मृती वेगळ्या वाटेने टिकते : मंगळूरच्या कित्येक कॅथलिक कुटुंबांना आपले प्रभू, कामत, शेणै हे जुने आडनाव आजही ठाऊक आहे.

जुनी वही
मग आपला वाद फारसा उरत नाही, कारण ती स्मृती घराने जपली, आडनावाने नव्हे. चर्चच्या नोंदवहीत आई-वडील, गाव आणि तारीख असते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी ठेवणे पॅरिशच्या धर्मगुरूंना बंधनकारक केले. वंश शोधणाऱ्याने आधी ती वही उघडावी.

किनारा
उघडावी, पण त्या वहीत एकाच गावचे चार ‘जुआंव फर्नांडिस’ भेटले की घरचे जुने आडनाव विचारायला परत यावेच लागेल.