नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये भाड्याने जाण्याआधी काय तपासू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नुकत्याच बांधून झालेल्या इमारतीत फ्लॅट भाड्याने घेतोय. आमच्या आधी तिथे कुणीच राहिलेलं नाही. घर आवडलंय, पण बेडरूमच्या भिंतीला खाली ओलसर डाग दिसला. मालक म्हणतात, प्लास्टर अजून सुकतंय. तसं असतंही, पण गळती असेल तर? फरक ओळखायचा कसा?

त्याहून मोठी काळजी कपाटांची. नव्या प्लायवूडचा उग्र वास येतोय, त्यातून फॉर्मल्डिहाइड हा आरोग्याला घातक वायू बाहेर पडतो आणि आमचं बाळ जेमतेम 8 महिन्यांचं आहे. खिडक्या उघड्या ठेवून किती दिवस थांबावं? भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत राहण्यायोग्य असल्याचा अधिकृत दाखला) प्रत मागितली आहे. भिंतींचे फोटोही काढून ठेवलेत, उगाच डिपॉझिटमधून पैसे कापायला नकोत. गळती निघाली तर दुरुस्ती मालकाने करायची, हे करारात नेमकं कसं लिहून घ्यावं? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा, रविवारी सही करायची आहे.