पहिल्यांदा लंडनला जाताना : तुमचे अनुभव, युक्त्या, फजिती

नलूताई
आज माळा आवरताना जुन्या पर्समध्ये ऑयस्टर कार्ड (लंडनच्या बस-ट्रेनचं प्रवासाचं कार्ड) सापडलं आणि लेकीच्या बाळंतपणाला गेले होते तो उन्हाळा आठवला. रात्री नऊला लख्ख उजेड, बाळ झोपेना. आता जाऊबाई निघाल्यात, पहिलाच परदेश. मी त्यांना एवढंच सांगितलं की सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभ्या राहा, डावी बाजू घाईवाल्यांची. बाकी तुम्ही सांगा.

आठ_बाराची_कर्जत
ऑयस्टर काढायची गरज नाही, आपलं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं. परदेशी व्यवहार चालू करून घ्या आणि बँक वर किती शुल्क लावते ते आधी विचारा. माणशी एक कार्ड, नवराबायकोला एकात भागत नाही. दिवसाला ठरावीक रकमेच्या वर कापत नाहीत, पण सकाळी कार्ड आणि दुपारी मोबाईल असं केलंत तर मशीनच्या हिशेबी तुम्ही दोन माणसं. ट्यूबला, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेला, आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडे टेकवा, बसला फक्त चढताना.

पुण्याची_सून
बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत हे लिहा कोणीतरी!! सासरे दहा पौंडाची नोट नाचवत ड्रायव्हरशी हुज्जत घालत होते, मागे ही रांग. मी होते तेव्हा 1.75 पौंडात तासाभरात कितीही बसा बदलता यायच्या. 15 नंबर पकडा, वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे बसा. ट्राफल्गर स्क्वेअर, सेंट पॉल्स, टॉवर, सगळं बसल्या जागी.

बाबूराव_नाही
अकराच्या आतली पोरं मोठ्यांबरोबर फुकट. आमच्या चिरंजीवांनी त्याच आठवड्यात बारावं लावलं 😑

कोकणकडा
हीथ्रो विमानतळावरून ट्यूबची पिकॅडिली लाईन स्वस्त, पण वेळखाऊ आणि बऱ्याच स्टेशनांवर जिने. आईचे गुडघे बघून आम्ही एलिझाबेथ लाईन घेतली. थोडी महाग, पण त्या लाईनच्या प्रत्येक स्टेशनात फलाटापर्यंत पायरी न चढता जाता येतं. आणि लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन ट्यूबने जाऊ नका हो, पाच-सात मिनिटं चालायचं अंतर आहे. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग टाळून जिन्याने गेलात तर 193 पायऱ्या.

आठ_बाराची_कर्जत
@कोकणकडा 193 म्हणजे आमच्या पर्वतीपेक्षा जास्त की!

पुण्याची_सून
कर्जतचे ना तुम्ही? पर्वती "आमची" कधीपासून 😄

शुभदा_क
मोठी म्युझियम्स बहुतेक फुकट. व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं, गर्दीही कमी. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ तिथेच आहे.

सातारी_कंदी
तिथली वाघनखं मात्र 2024 मध्ये महाराष्ट्रात आली, तीन वर्षांसाठी. आम्ही साताऱ्यातच बघितली, व्हिसा न काढता.

निळी_शाई
चॉक फार्म स्टेशनला उतरून 10, किंग हेन्रीज रोडला जा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना 1921-22 मध्ये बाबासाहेब त्या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने 2015 साली घर विकत घेतलं. निवासी गल्ली आहे, गलका करू नका, उघडण्याच्या वेळा आधी बघून जा. बाबा दारासमोर चपला काढायला लागले, मी अडवलं नाही. पुढे प्रिमरोझ हिल चालत जवळ, तिथून सगळं शहर दिसतं.

कोकणकडा
टिळक राहिले त्या घरावर त्यांच्या नावाची निळी स्मृतिपाटीपण आहे, हाऊली प्लेसला. वॉरिक अॅव्हेन्यू स्टेशन. शेजारीच कालवा आणि होड्या, संध्याकाळ छान जाते.

माईंचा_डबा
शाकाहारींनी घाबरू नये. युस्टनमागे ड्रमंड स्ट्रीटला भेळ-डोसा मिळतो, आणि वेम्बलीला गेलात तर हिरव्या मिरचीपासून सगळं. गणपतीत असाल तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जा, 1932 चं मंडळ आहे. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. तीन चौकोनी पिनांचा प्लग इथूनच न्या.

सातारी_कंदी
पेढे नेता येतात का?

माईंचा_डबा
नाही. दूधदुभत्याचं काही न्यायला परवानगी नाही, तूपसुद्धा नाही. माझे लाडू अडवले होते, तो अधिकारी बिचारा डबा हुंगून म्हणाला वास छान आहे, आणि गेले टोपलीत.

शुभदा_क
अरेरे 😭 बेसनाचे होते की रव्याचे?

माईंचा_डबा
बेसनाचे. साजूक तुपातले.

पुण्याची_सून
नलूताई, जाऊबाईंच्या बॅगेत थोडी जागा असेल का? भाचीला वॉटफर्डला भाजणी पाठवायची होती, अर्धाच किलो.

नलूताई
विचारते. पण आधीच तिघींची भाजणी झाली आहे, सगळ्यांची अर्धाच किलो.