मुरमाड जमिनीत मंगळसूत्र हरवलंय, कोणता मेटल डिटेक्टर घ्यावा?

मुळशीकर:
नमस्कार मंडळी. मुळशीत आमची थोडी भातशेती आहे, लावणीच्या वेळी आईचं मंगळसूत्र तुटून खाचरात पडलं. वाट्या आजीच्या होत्या, आई अजून रोज विषय काढते. आता भात काढून रान मोकळं झालंय म्हणून मित्राचा साधा डिटेक्टर आणला, तर कॉइल (खालची गोल चकती) जमिनीजवळ नेली की टूं टूं सुरू आणि उचलली की गप्प. बांधाकडे तांबूस मुरूम आहे, खाचरात काळपट माती. बुधवार पेठेत विचारलं तर सगळे सिक्युरिटीवाला हातातला स्कॅनरच दाखवतात. काय घेऊ? पीआयवालंच (पल्स इंडक्शन, म्हणजे विजेचे झटके सोडून धातू शोधणारं) मशीन लागेल का?

कॉइलकाका:
मशीन बिघडलेलं नाही, मातीच वाजतेय. आपल्याकडचा दगड बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं, दगड झिजून माती झाली तरी ते कण तसेच राहतात. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या मातीतून फिरवा, काळी भुकटी दाट चिकटली की समजायचं. म्हणून "इतके फूट खोल शोधतो" हे वाचूच नका, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज दाबणारी जुळणी, स्वतः करता येतो का तेवढं विचारा. गॅरेट एस ३०० सारख्यात तो कंपनीतूनच ठरवलेला असतो, बदलता येत नाही. नोक्टा सिम्प्लेक्समध्ये करता येतो, बजेट असेल तर मल्टी फ्रिक्वेन्सीवालं (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं) मिनलॅब इक्विनॉक्स अजून बरं. कॉइल डीडी (आत इंग्रजी डी आकाराची दोन वेटोळी) घ्या, अशा मातीत ती कॉन्सेंट्रिकपेक्षा (एकात एक गोल वेटोळी) शांत चालते. धातू नसलेल्या जागी कॉइल वरखाली करून बॅलन्स करायचा, सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवायची आणि अगदी सावकाश फिरवायचं. आणि शोधून होईपर्यंत रान नांगरू नका, कृपा करून!

मृण्मयी:
काकांना अनुमोदन. पीआय लोहयुक्त मातीला कमी दाद देतं हे खरं, पण खिळा कुठला आणि सोनं कुठलं हे त्याला नीट सांगता येत नाही, आणि शेतात ट्रॅक्टरचे नटबोल्ट, तारांचे तुकडे काय कमी असतात का, दर बीपला खणत बसाल. व्हीएलएफच घ्या, म्हणजे काकांनी सांगितलेली मशीन आहेत ती जात. अजून एक महत्त्वाचं, मंगळसूत्राची बारीक तार किंवा साखळी डिटेक्टरला जवळजवळ दिसत नाही, कडी न् कडी वेगळी धरली जाते, त्यामुळे शोध वाट्यांचाच. वाटीचा मशीनच्या पडद्यावर दिसणारा आकडा गुटख्याच्या पुडीच्या चंदेरी कागदाच्या आसपास येऊ शकतो, म्हणून "फॉइल" प्रकारचे सिग्नल मशीनवर बंद करून ठेवू नका, कचरा खणावा लागला तरी चालेल. हायटेन्शन लाइन जवळून जात असेल तर उगाच आवाज येतील, ते मातीवर ढकलू नका.

मुळशीकर:
खूप आभार दोघांचे! एकाने लांबूनच सोनं ओळखणारं अँटेनावालं यंत्र भाड्याने देतो म्हणालाय, ते कसं?

कॉइलकाका:
अजिबात नको, लाँग रेंज लोकेटर म्हणून जे विकतात ती निव्वळ फसवणूक आहे. बाकी खणताना जुनी नाणीबिणी निघाली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त मोलाचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, तुमच्या मंगळसूत्राला ते लागू नाही. मशीनचे पैसे देण्याआधी तुमच्याच खाचरात वीतभर खोल एक अंगठी पुरून डेमो मागा, दुकानातल्या फरशीवर सगळीच मशीन चांगली चालतात.