शिकागोच्या वायव्य उपनगरांत चांगली सुशी आणि रोजचं जपानी जेवण कुठे मिळेल?

मृण्मयी_शॉमबर्ग
नमस्कार. आम्ही यंदाच्या उन्हाळ्यात शॉमबर्गला राहायला आलो. त्याआधी काही वर्षं तोक्योत, निशिकासाईला होतो. तिथे आजूबाजूला आयटीतली भारतीय कुटुंबं भरपूर, त्यामुळे पोळी-भाजीची आबाळ कधी झाली नाही. पण तेवढीच सवय जपानी जेवणाचीही लागली. ऑफिसातून येताना सुपरमार्केटातून भाजलेल्या साबा माशाचा तुकडा आणि ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घ्यायची. उशीर झालाच तर अर्ध्या किमतीचं स्टिकर लावलेला सुशीचा डबा. इथे आल्यापासून नेमकं तेच आठवतंय.

घराजवळच्या एका ठिकाणी ‘हवं तेवढं खा’ सुशी खाल्ली. भात गार आणि टणक, प्रत्येक रोलवर गोड मेयोनीजच्या रेघा, माशाला स्वतःची चवच नाही. शिकागो शहरातल्या महागड्या जागा ठाऊक आहेत, त्या वाढदिवसाला ठीक. मला आठवड्यातून एकदा परवडेल असं साधं, चांगलं हवंय. शिवाय घरी साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप, करायची तर मासा कुठून घ्यावा? मुलगा सहा वर्षांचा आहे. आणि दिवाळीनंतर सासूबाई येताहेत. त्या पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाहीत. त्यांना बरोबर घेऊन जाता येईल असं काही आहे का?

अल्गॉनक्विनकर
मृण्मयीताई, तुम्ही अगदी योग्य भागात राहायला आला आहात. शिकागोलँडमधलं रोजचं जपानी जेवण शहरात कमी आणि आपल्या या वायव्य पट्ट्यात जास्त मिळतं. कारण सरळ आहे. ओ’हेअर विमानतळाच्या या बाजूला जपानी कंपन्यांची कार्यालयं आली, तिथले कर्मचारी बायकामुलांसह काही वर्षांसाठी बदलीवर येतात, आणि त्यांच्या मुलांची फुताबाकाई जपानी शाळा आर्लिंग्टन हाइट्सला आहे. जिथे आया रोज डबा भरतात, तिथे किराणा, मासे आणि तयार जेवण चांगलंच ठेवावं लागतं. म्हणून माझा सल्ला असा की उपहारगृहं शोधत बसण्याआधी ही कुटुंबं वाणसामान कुठे भरतात ते बघा आणि तिथेच जेवा.

पहिलं ठिकाण मित्सुवा, आर्लिंग्टन हाइट्स, अल्गॉनक्विन रोडवर. १९९१ मध्ये ते याओहान नावाने सुरू झालं. १९९७ मध्ये जपानात याओहान बुडाली, त्यानंतर त्याचं मित्सुवा झालं. जुनी मंडळी अजून ‘याओहानला जातो’ म्हणतात. आत मोठं वाणसामान, मासळीचा विभाग, बेकरी आणि फूड कोर्ट. तिथलं सान्तोका हे मूळ होक्काइदोतल्या असाहिकावाचं रामेनचं, म्हणजे रश्शातल्या नूडल्सचं दुकान. त्यांचं शिओ, म्हणजे मिठाचं रामेन घ्या. दुधट रंगाचा, डुकराच्या हाडांचा रस्सा आणि वर एक छोटी लालसर उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट जपानी आलुबुखार. ती शेवटी रश्शात कुस्करली की तुपट चव एकदम मोकळी होते. शनिवार-रविवारी दुपारी टेबल मिळणं मुश्किल, तेव्हा अकराच्या सुमारास किंवा तीननंतर जा.

पण तुमची आठवड्याची सुशी मित्सुवात नाही, ती तेन्सुके मार्केटला आहे. एल्क ग्रोव्ह व्हिलेजला, आर्लिंग्टन हाइट्स रोडवर. दुकान लहान, सजावट शून्य, शेजारी चार घास खायची साधी जागा. सुशीचे डबे तिथेच भरतात. डबा उचलण्याआधी दोन गोष्टी बघा: लेबलवरची वेळ, आणि माशाच्या कापाची कड. कड ओलसर आणि धारदार दिसली तर घ्या. वाळून वर वळली असेल तर राहू दे. भात मऊ आणि जेमतेम कोमट असताना खायचा, म्हणून डबा घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवू नका. त्या ‘हवं तेवढं खा’वाल्या ठिकाणी तुमचा भात टणक लागला तो बहुतेक यामुळेच. शिजलेला भात थंडीत ठेवला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो. मग मासा कितीही चांगला असो, सुशी गेली.

तारकर्लीकर
माशांचं मी सांगतो. दुकानात ‘सुशी ग्रेड’ असं लिहिलेलं दिसेल, त्यावर विसंबू नका. अमेरिकेत या शब्दांना कायदेशीर व्याख्या नाही, दुकानदार आपल्या भरवशावर लिहितो. खरा प्रश्न परजीवींचा आहे. कच्च्या खायच्या माशासाठी एफडीएचे, म्हणजे अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचे आकडे असे: उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस, किंवा उणे ३५ ला पूर्ण गोठवून त्याच तापमानाला १५ तास. आपल्या घरचा फ्रीझर साधारण उणे १८ ला असतो, त्यामुळे ‘घरी गोठवला, आता खातो’ हे चालत नाही. मित्सुवा किंवा तेन्सुकेतून साशिमीसाठीच कापलेला ठोकळा घ्या. त्याला साकु म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ट्यूनाला या गोठवण्याच्या नियमातून सूट आहे. साल्मन घेतलात तर मत्स्यशेतीतला घ्या. जपानातही कच्चा साल्मन खाणं जुनं नाही. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला शेतीतला साल्मन तिकडे नेटाने विकला, तेव्हापासून तो सुशीवर आला. त्याआधी जपानी माणूस परजीवींच्या भीतीने साल्मन शिजवूनच खायचा.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. साबा आपल्या बांगड्याच्याच कुळातला, आणि कोकणातल्या माणसाला इथे सगळ्यात जवळचा वाटेल असा मासा तोच. गोठवलेला नॉर्वेचा साबा मिळतो. बर्फ उतरवून दोन्ही बाजूंनी भरपूर मीठ चोळा आणि तासभर ठेवा, पाणी सुटतं. धुऊन कोरडा करा, तांदळाच्या व्हिनेगरमध्ये अर्धा ते पाऊण तास बुडवा. मग डोक्याकडच्या टोकाला नखाने पकडून वरचा पारदर्शक पापुद्रा शेपटीकडे ओढा. तो अखंड निघून येतो आणि खाली निळे-चंदेरी पट्टे लखलखतात. आडवा कापला की कड पांढरी आणि मधला भाग गुलाबी दिसायला हवा. हाच शिमे साबा. व्हिनेगरने परजीवी मरत नाहीत हे मात्र लक्षात ठेवा. वर सांगितलेल्या थंडीत व्यावसायिक रीतीने गोठवलेला आहे याची खात्री करूनच घ्या.

आणि हमाची माशाचा कामा, म्हणजे गळ्याकडचा तुकडा, दिसला तर सोडू नका. तो स्वस्त पडतो. नुसतं मीठ लावून ओव्हनच्या वरच्या आचेवर, कातडी फुगून करपायला लागेपर्यंत भाजायचा. किसलेला मुळा आणि लिंबू. ज्यांना घरी सुरमईचं डोकं कोण खाणार यावरून भांडायची सवय आहे, त्यांनी दोन घ्यावेत.

रेवाची_आई
मुलाला घेऊन रोलिंग मेडोजच्या सुशी स्टेशनला जा, तेही अल्गॉनक्विन रोडवरच. फिरत्या पट्ट्यावर ताटल्या येतात, रंगावरून किंमत. शॉमबर्गमध्ये कुरा पण आहे. तिथे रिकामी ताटली टेबलाच्या खाचेत टाकायची, ठरावीक ताटल्या झाल्या की वरून खेळणं पडतं. आमची मुलगी त्या आशेने काकडीच्या ताटल्यांवर ताटल्या संपवते. फिरता पट्टा ओसाकातल्या योशिआकी शिराइशींनी १९५८ मध्ये सुरू केला, बिअरच्या कारखान्यात बाटल्या सरकताना बघून. हे सांगितलं की मुलं जास्तच मन लावून बघतात. चवीत तेन्सुके वरचढ आहे, पण लहान मुलाबरोबर शांतपणे बसून खाता येणं हेही काही कमी नाही. खूप वेळ फिरलेल्या ताटल्यांपेक्षा पडद्यावरून ताजं मागवा.

अनघा_हॉफमन
सासूबाईंसाठी मी लिहिते, कारण माझी आई याच प्रसंगातून गेली आहे आणि मला हे कोणी नीट सांगितलं नव्हतं. जपानी जेवणात मांस दिसतं ते टाळणं सोपं. अडचण दाशीची, म्हणजे रश्शाच्या मूळ पाण्याची. कात्सुओबुशी, म्हणजे सुकवून धुरावलेल्या माशाचे काप, त्यांचं पाणी जवळजवळ सगळ्यात असतं. मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमध्ये असतं, सोबा नूडल्सच्या बुडवणीत असतं, आगेदाशी (तळलेल्या) तोफूच्या रश्शात असतं. इनारी सुशी वरून निव्वळ तोफू आणि भात दिसते, पण ती तोफूची पिशवी बऱ्याचदा दाशीत मुरवलेली असते. कान्प्यो माकीतल्या, म्हणजे रोलमधल्या, भोपळ्याच्या पट्ट्यांचंही तेच. नात्तोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) डब्यातली सॉसची पुडीसुद्धा माशाची असते. भाज्यांच्या तेम्पुराच्या (जपानी भज्यांच्या) पिठात अंडं असतं, म्हणजे तुमच्याकडे तेही बाद.

मग उरतं काय? बरंच उरतं. काप्पा (काकडीची) माकी, अ‍ॅव्होकाडोची माकी, उमे-शिसोची (आंबट आलुबुखार आणि शिसोच्या पानाची) माकी, एदामामे म्हणजे उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा. ओशिन्कोचं लोणचं असेल तर एकदा विचारून घ्या. तुम्हाला जपानी येतं, त्यामुळे तुम्ही सरळ ‘दाशी हाइत्तेइमासु का’ (यात दाशी आहे का) विचारू शकता. काउंटरवरच्या बायका आत जाऊन पुडी बघून येतात, इतकं मनावर घेतात. रामेनच्या दुकानात सासूबाईंना नेऊ नका. रस्सा बहुतेक डुकराचा असतो, तिथे सोय होणं कठीण.

खरं तर त्यांच्यासाठी घरीच करा. कोम्बु या समुद्री शेवाळाचा एक तुकडा आणि तीन-चार सुके शिताके मशरूम रात्रभर थंड पाण्यात ठेवा. सकाळी मंद आचेवर ठेवून उकळी फुटायच्या आत कोम्बु काढून घ्या, नाहीतर पाणी बुळबुळीत होतं. झाली शुद्ध शाकाहारी दाशी. त्यात मिसो, तोफू, वाकामेचं शेवाळ. तयार मिसोच्या डब्यावरचे घटक वाचा, काहींत दाशी आधीच मिसळलेली असते. सुशीच्या तयार व्हिनेगरचंही लेबल बघा. त्यापेक्षा साधं तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ घरीच मिसळलेलं बरं.

गोडात दाइफुकु आणि योकान. दाइफुकुत तांदळाच्या पिठाची पारी आणि आत लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड सारण. माझ्या आईने पहिला घास खाल्ला आणि ‘अगं, हे पुरणच’ म्हणाली. योकान आगारवर जमतं, जिलेटिन नसतं. दोरायाकीत, म्हणजे आझुकी भरलेल्या छोट्या पॅनकेकमध्ये, मात्र अंडं असतं.

नेपरव्हिलकर
आम्हाला दक्षिणेकडून तिथवर पाऊण तास लागतो. एवढं जाण्यासारखं आहे का? इथल्या एच मार्टमधून चालत नाही का?

अल्गॉनक्विनकर
वाणसामानासाठी एच मार्ट चालतं. ते कोरियन दुकान आहे, नोरी, तांदूळ, तोफू सगळं मिळेल. मासा आणि तयार सुशी यांसाठी मात्र महिन्यातून एकदा इकडे याच. गाडीत बर्फाची पेटी ठेवा, मासे सगळ्यात शेवटी घ्या, वाटेत कुठे थांबू नका. येताना डेस प्लेन्सच्या शिकागो रामेनला त्सुकेमेन खाऊन जा. जाड नूडल्स वेगळ्या, दाट रस्सा वेगळा. थंडीत त्यासाठी रांगेत उभं राहायला मी तयार असतो.

सायली२२
विचारू का नको असं झालं होतं, विचारतेच. मला पाचवा महिना आहे आणि सुशीची फार इच्छा होते. काय खाता येईल?

तारकर्लीकर
सायली, कच्चा मासा आत्ता नाही, मग दुकान कितीही चांगलं असो. शिजलेलं पुष्कळ आहे: उनागी (भाजलेला ईल मासा), उकडलेली एबी (कोळंबी), भाजलेला साबा. अटलांटिक साबा एफडीएच्या कमी पाऱ्याच्या यादीत आहे, आठवड्याला ८ ते १२ औंस मासे खा असंच ते सांगतात. टाळायच्या यादीत बिगआय ट्यूना आणि किंग मॅकरेल आहेत. हे किंग मॅकरेल आपल्या सुरमईच्या अगदी जवळच्या नात्यातलं आहे, तेव्हा इथे किंगफिश म्हणून मिळणारी सुरमईसुद्धा आत्ता बाजूला ठेव. बाकी तुझ्या डॉक्टरांना विचारच.

पौडरोड
पुण्याहून एक प्रश्न. इथे जपानी तांदूळ फार महाग आहे. इंद्रायणीची सुशी होते का?

अनघा_हॉफमन
होते. इंद्रायणी चिकट असल्यामुळे माकी छान वळली जाते. पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, आणि नवा तांदूळ असेल तर आणखी कमी. त्याचा स्वतःचा सुवास राहतो, तो मला आवडतो. निगिरीला, म्हणजे हाताने वळलेल्या भातावर माशाचा काप ठेवतात त्या सुशीला, मात्र तो नको, दाणा दबतो. इथे अमेरिकेत असाल तर कॅलिफोर्नियाचा कॅलरोज स्वस्त आणि रोजच्यासाठी पुरेसा. पाहुणे येणार असले की कोशिहिकारी हा जपानी तांदूळ.

मृण्मयी_शॉमबर्ग
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी तेन्सुकेला जाऊन आलो. आजी नावाच्या माशाची निगिरी आणि इकुरा (साल्मनची अंडी) घेतला, तिथेच बसून खाल्लं. भात हातात सुटणारा, तोंडात मोकळा होणारा, अगदी हवा तसा. शेजारच्या टेबलावर शाळेचा गणवेश घातलेली दोन मुलं काराआगे (तळलेलं चिकन) खात होती, माझ्या मुलाने जपानीत विचारून त्यांच्याकडून कार्ड खेळण्याचा क्लब कुठे आहे ते काढून घेतलं. तारकर्लीकर, कामा मिळाला नाही. काउंटरवरच्या काकांनी सांगितलं की हमाची येते त्या दिवशी फोन करून बाजूला ठेवायला सांगा. आणि ओव्हनची वरची आच म्हणजे जाळी वरून दुसऱ्या खणात ठेवू की अगदी वर?

तारकर्लीकर
दुसऱ्या खणात. आधी कातडीची बाजू खाली, सात-आठ मिनिटांनी उलटा, आणि खाली फॉइल घाला. चरबी भरपूर गळते.