२,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे, हे ऑयलर यांनी हाताने कसे सिद्ध केले?

प्रश्न – गणित शिक्षिका, महाल, नागपूर

२ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी ही संख्या मूळ असल्याचे ऑयलर यांनी १७७२ साली दाखवले, असे मी दहावीच्या वर्गात सांगितले. तेव्हा एका मुलीने विचारले, की हिचे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे येते, म्हणजे चार हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. यंत्राशिवाय ते कसे जमले? तिला नीट उत्तर मिळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उत्तर – निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ

मॅडम, मुलीचा हिशेब बरोबर आहे. मात्र ऑयलर यांना त्या सगळ्यांनी भागावेच लागले नाही. समजा, भ ही मूळ संख्या हिला निःशेष भागते. मग २ च्या ३१ व्या घाताला भ ने भागल्यावर बाकी १ उरते, आणि ३१ ही मूळ संख्या असल्याने त्याआधीच्या कोणत्याही घाताला ती बाकी येत नाही. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार भ वजा १ व्या घातालाही बाकी १ च येते, म्हणून भ वजा १ ला ३१ ने, आणि भ विषम असल्याने ६२ नेही, भाग गेलाच पाहिजे. शिवाय २ चा ३२ वा घात हा पूर्ण वर्ग असून त्याची बाकी २ येते. हे तेव्हाच शक्य असते, जेव्हा भ ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या, की भ ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च येऊ शकते. वर्गमुळापर्यंत अशा संख्या अवघ्या ३७३ आहेत, आणि त्यांतल्या संयुक्त संख्या तर आधीच गळतात. फळ्यासाठी ११ वा घात घ्यावा: २,०४७ म्हणजे २३ गुणिले ८९, आणि दोन्ही विभाजकांना २२ ने भागल्यावर बाकी १ येते.

उत्तर – संगणक अभियंता, मिहान

सरांनी सांगितलेली चाळणी आजही पहिल्या टप्प्यात वापरतात, पण घातांक मोठा झाला की तेवढ्याने भागत नाही. त्यासाठी ल्यूका–लेहमर कसोटी आहे: ४ पासून सुरुवात करून दर वेळी वर्गातून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची. घातांकाहून दोनने कमी पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली, तरच संख्या मूळ. घातांक ५ च्या, म्हणजे ३१ या संख्येसाठी ४, १४, ८, ० अशी ओळ येते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या, १३,६२,७९,८४१ घातांकाच्या मूळ संख्येची खात्री याच कसोटीने झाली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत.

उत्तर – निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ

ही कसोटी विभाजक मात्र सांगत नाही, आणि मला तीच तिची सर्वांत विलक्षण बाजू वाटते. घातांक ६७ ची संख्या संयुक्त असल्याचे ल्यूका यांनी १८७६ मध्ये दाखवले, पण तिचे विभाजक १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ कोल यांनी १९०३ मध्ये मांडले. मॅडम, त्या मुलीला पहिल्या विभाजकाला १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, भागायला सांगावे. बाकी १ येईल.