मदत हवी आहे: ५ वर्षांच्या मुलीसाठी रिव्हर्स वॉकर घ्यावा की व्हीलचेअर?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय.

मुलगी ५ वर्षांची. तिसाव्या आठवड्यातच जन्मली, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. वर्ष उलटलं तरी बसेना म्हणून एमआरआय केला आणि सेरेब्रल पाल्सीचं (सीपी, मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम होतो ते) निदान झालं. कागदावर 'स्पास्टिक डायप्लेजिया, जीएमएफसीएस लेव्हल ३' असं लिहिलंय (जीएमएफसीएस म्हणजे हालचालीची पातळी, १ सर्वात सौम्य, ५ सर्वात तीव्र). दोन्ही पाय ताठ, हात बऱ्यापैकी चांगले. तोंड तर विचारूच नका, आळीतली प्रत्येक बातमी आमच्या घरी हिच्याकडून येते.

भिंतीला किंवा दिवाणाला धरून उभी राहते, धरून आडवी चालते. घरात सशासारखी दोन्ही पाय एकदम उचलत रांगते. पायांना एएफओ (घोट्याला आधार देणारे प्लॅस्टिकचे साचे) आहेत. फिजिओथेरपी तालुक्याच्या ठिकाणी चालू आहे, रोजचे व्यायाम घरी मी करून घेते.

जूनमध्ये पहिलीत जाईल. जिल्हा परिषदेची शाळा मोठ्या माणसाच्या पायांनी पाच मिनिटांवर आहे. आमच्या फिजिओ मॅडम म्हणतात, आता रिव्हर्स वॉकर घ्याच, म्हणजे मुलीच्या मागे राहणारा, ती पुढे चालते आणि तो मागून येतो तो. हाडांचे डॉक्टर म्हणाले, वॉकर घ्या, पण शाळेसाठी तिच्या मापाची व्हीलचेअरही घ्या. व्हीलचेअर हा शब्द ऐकला आणि घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणतात, "एकदा का खुर्चीची सवय लागली की पोर उठायचं नाही." त्यांचं नातीवर इतकं प्रेम आहे की वाद घालवत नाही. मिस्टरांचंही तेच मत, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. आणि खरं सांगू, मलाही रात्री तीच भीती वाटते.

दोन्ही एकदम घेणं जड जाईल. बाहेरच्या बनावटीच्या वॉकरची किंमत ऐकून आम्ही फोनच ठेवला. तर आधी काय घ्यावं? खुर्चीने चालणं खरंच मागे पडतं का? साधा पुढे धरायचा वॉकर स्वस्त मिळतो, तो का नको? आणि एखाद्या योजनेतून काही मिळतं का? गाव सातारा जिल्ह्यात आहे.

गोदाकाठ

ताई, आमचा मुलगा आता १४ वर्षांचा आहे, निदान अगदी हेच. व्हीलचेअर तो दुसरीत असताना आली. आमच्या आईचंही तुमच्या सासूबाईंसारखंच म्हणणं होतं. आज तो घरात कुबड्यांवर चालतो आणि क्रिकेट बघायला मैदानावर खुर्चीतून जातो. खुर्ची आल्यावर फरक पडला तो वेगळाच. शाळेतून आल्यावर तो मेल्यासारखा पडायचा, ते थांबलं. संध्याकाळच्या व्यायामाला अंगात जीव उरायला लागला.

एक सांगतो, ऑनलाइन दिसणारी घडीची स्वस्त खुर्ची घेऊ नका. ती मोठ्या माणसाच्या मापाची असते. पोर त्यात एका बाजूला कलंडून बसतं.

नवखा७७

स्टेम सेलचा विचार केलात का? आमच्या ओळखीच्या एकांनी केलं, बराच फरक आहे म्हणतात. वॉकरवर पैसे घालण्यापेक्षा एकदाच काय तो उपचार.

फिजिओमावशी

नवखा, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला कृपया कुणाला देऊ नका. आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलला नेहमीचा उपचार म्हणून मान्यता आहे ती रक्ताच्या काही आजारांपुरती. सेरेब्रल पाल्सीत जे काही व्हायचं ते रीतसर मंजूर झालेल्या चाचणीत, आणि तिथे पालकांकडून पैसे घेत नाहीत. लाखांचं बिल हातात ठेवतात तिथून उठून यावं. या विषयावर मी पुढे बोलणार नाही.

आता ताई, तुमच्याकडे वळते. मुलांच्या फिजिओथेरपीत बरीच वर्षं काढली आहेत, पण तुमच्या लेकीला मी पाहिलेलं नाही. तेव्हा माझ्या आणि तुमच्या मॅडमच्या म्हणण्यात फरक पडला तर त्यांचं ऐका.

आधी साधा वॉकर का नको ते. पुढे धरायच्या वॉकरवर डायप्लेजियाचं मूल पुढे ओणवं होतं, कमरेत आणि गुडघ्यात वाकतं, वजन हातांवर टाकतं. वॉकर पुढे पळतो आणि मूल त्याच्यामागे. रिव्हर्स वॉकरमध्ये फ्रेम पाठीमागे असते, त्यामुळे बहुतेक मुलं पाठ सरळ ठेवतात, आणि समोर काही नसल्यामुळे टेबलापर्यंत किंवा मैत्रिणीपर्यंत जाता येतं. चाकं मागे न फिरणारी असावीत, नाहीतर मुलगी मागे रेलली की वॉकर मागे सरकेल. दांडीची उंची साधारण नितंबाच्या हाडापाशी, धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं.

आता मुख्य प्रश्न. तुम्ही 'वॉकर की खुर्ची' असं विचारताय. आम्ही ते असं विचारतच नाही. मेलबर्नच्या मुलांच्या रुग्णालयातल्या मंडळींनी २००४ मध्ये एक साधी मोजपट्टी प्रसिद्ध केली, फंक्शनल मोबिलिटी स्केल नावाची. त्यात मुलाला एकच आकडा देत नाहीत, तीन देतात: ५ मीटरला कसं जातं, ५० मीटरला कसं जातं, ५०० मीटरला कसं जातं. ५ म्हणजे घर, ५० म्हणजे वर्ग आणि शाळेचं आवार, ५०० म्हणजे बाजार, जत्रा, लग्नाचा हॉल. तुमची लेक घरात फर्निचर धरून, शाळेत वॉकरवर आणि जत्रेत खुर्चीत, हे अगदी व्यवस्थित उत्तर आहे. लेव्हल ३ च्या व्याख्येतच हे बसतं: हाताने धरायच्या साधनाने चालणारं आणि लांब पल्ल्याला चाकांवर जाणारं मूल.

खुर्चीने चालणं मागे पडतं का? चालणं मागे पडायची कारणं वेगळी असतात. उंची वाढते तसे स्नायू आखडतात, वजन वाढतं, खुबा सरकतो, व्यायाम सुटतो. खुर्ची बहुतेक वेळा या सगळ्यानंतर येते, म्हणून दोष तिच्यावर जातो. डायप्लेजियाच्या मुलांना तेवढंच अंतर चालायला इतर मुलांच्या दुप्पट-तिप्पट शक्ती लागते. सकाळी शाळेपर्यंत घामाघूम होऊन पोचलेली मुलगी फळ्याकडे काय बघणार? आणि मधल्या सुट्टीत सगळ्या पोरी मैदानावर पळाल्या की ती पायरीवर बसून राहणार. मला त्या पायरीची खुर्चीपेक्षा जास्त भीती वाटते.

फक्त खुर्ची तिने स्वतः ढकलायची. हात चांगले आहेत ना? मग मागून कुणी ढकलत फिरवलं तर सासूबाईंचं म्हणणं खरं व्हायला वेळ लागणार नाही.

पैसे एकाचेच असतील तर आधी वॉकर, खुर्ची योजनेतून. आणि या दोन्हींच्या आधी एक बिनखर्चाचा प्रश्न: खुब्याचा एक्स-रे शेवटचा कधी काढला? ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या पाहणीत लेव्हल ३ च्या सुमारे ४१ टक्के मुलांमध्ये खुबा जागेवरून सरकलेला आढळला. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. सहा ते बारा महिन्यांनी फोटो काढून मोजावं लागतं. हे राहिलं असेल तर वॉकर थांबला तरी चालेल, हे नको थांबायला.

गोदाकाठ

मावशींना शंभर टक्के अनुमोदन. मापाबद्दल भर घालतो. आपल्याकडे फ्रॉक घेताना 'वाढत्या अंगाचा' घेतात तशी खुर्ची घेऊ नका. बसल्यावर कमरेच्या दोन्ही बाजूंना बोट-दोन बोटं जागा, गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मोकळी आणि तळवे फळीवर पूर्ण टेकलेले. रुंद खुर्चीत हात चाकापर्यंत पोचत नाहीत. मग ती ढकलणार कशी?

सरकारी_कागद

योजनांचं मी सांगतो, यात केस पांढरे झालेत.

सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. ते नसेल तर पुढचं काही हलत नाही.

एडिप ही केंद्राची साधनांची योजना. त्यातलं बरंचसं सामान कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याचं असतं. उत्पन्नाची मर्यादा आहे, दाखला काढून ठेवा. एकदा साधन मिळालं की पुन्हा तीन वर्षं मागता येत नाही, पण १२ वर्षांखालच्या मुलांना ही अट एक वर्षाची आहे. हे शिबिरातल्या माणसांनाही कधी कधी माहीत नसतं, तेव्हा नम्रपणे सांगा. शिबिरात 'सीपी चेअर' देऊ केली तर नीट बघा. ती ज्यांना आधाराशिवाय बसता येत नाही त्यांची. तुमच्या मुलीला स्वतः ढकलायची लहान व्हीलचेअर हवी, फॉर्मवर तसं लिहून घ्या.

शाळेत नाव घातलं की समग्र शिक्षाच्या समावेशित शिक्षण विभागात, पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात जा. तिथले विशेष शिक्षक मोजमाप शिबिराला नाव लावतात. निरामय ही नॅशनल ट्रस्टची आरोग्य विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांमधल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) असतं, तिथे मोफत थेरपी मिळते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ५, ५० आणि ५०० चं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे यात्रेत मी तिला कडेवर घ्यायची नाही?" त्यांचे गुडघे दुखतात, तरी अजून घेतात. एवढ्यावर विषय थांबलाय, पण नाही म्हणाल्या नाहीत.

खुब्याचा एक्स-रे मागच्या वर्षीचा आहे. पुढच्या आठवड्यात नवीन काढतोय.

आता तीन अडचणी. आमचं घर जुनं, प्रत्येक खोलीला उंबरा. वॉकर अडकणार. शाळेला दारात एक पायरी आहे, मोजली तर सहा इंच. आणि एएफओ काढले की घोट्यापाशी लाल वळ दिसतात, उन्हाळ्यात ती घालायलाच तयार नसते. ताप वाटतो म्हणून मीही कधी कधी सोडून देते, ते चालेल का?

फिजिओमावशी

वळ: काढल्यावर वीस-तीस मिनिटांत गेले तर ठीक. त्यानंतरही राहिले, किंवा त्वचा सोलवटली, तर घालणं थांबवून बनवणाऱ्याकडे जा. तिथे प्लॅस्टिक तापवून थोडं फुगवतात, दहा मिनिटांचं काम. नवीन जोड करायची वेळही आली असेल. या वयात पाय भराभर वाढतो. आत सुती, बिनशिवणीचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे मोजे, आणि उन्हाळ्यात दुपारी बदलायचे. अधूनमधून सोडलं तर आभाळ कोसळत नाही, पण वॉकरवर चालताना हवेतच. हो, एएफओ घोट्यात हलणारे आहेत की ताठ? ती गुडघे वाकवून चालत असेल तर हलणारे बरेचदा तो वाक वाढवतात. हे मॅडमना मुद्दाम विचारा.

उंबरे: जिथून ती रोज जाते तेवढ्या दोन-तीन दारांना लाकडी उतार करून घ्या, सुतार अर्ध्या दिवसात करेल. मोरीत मात्र वॉकर नेऊ नका, ओल्या फरशीवर चाकं सरकतात. तिथे भिंतीला स्टीलची दांडी.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेचाच शिक्षक. उताराला १:१२ हे प्रमाण पाळायचं. सहा इंच पायरीला सहा फूट लांब उतार. गवंड्याला सांगितलं नाही तर तो दोन फुटांत घसरगुंडी करून ठेवतो आणि वर कागदोपत्री रॅम्प झालेला असतो! शाळा व्यवस्थापन समितीला आत्ताच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, आणि शाळेची इमारत, स्वच्छतागृह सुगम्य असणंही त्यातच येतं. अर्जात स्वच्छतागृह विसरू नका. रॅम्प सगळ्यांना आठवतो, शौचालयाचा दरवाजा अरुंद आहे ते जून उजाडल्यावर कळतं. आणि वर्ग तळमजल्यावर मागून घ्या.

धागाकर्ती

अर्ज आजच लिहिते. शौचालयाचा दरवाजा खरंच अरुंद आहे, उद्या टेप घेऊन जाते. एएफओ घोट्यात हलणारे आहेत, आणि गुडघे वाकवते ती. विचारते मॅडमना.

एक शेवटची विनंती. सातारा, कराड किंवा सांगलीकडे कुणाच्या घरी या मापाचा रिव्हर्स वॉकर आता वापरात नसेल तर थोडे दिवस वापरून बघायला मिळेल का? उंची १०२ सेंटीमीटर आहे. नवा घ्यायच्या आधी ती त्यात उभी राहायला तयार होते का, तेवढं बघायचंय.

गोदाकाठ

आमचा लहानपणचा वॉकर माळ्यावर आहे, मागे न फिरणारी चाकं आहेत, पण एकाचं रबर गेलंय. उंची कमी-जास्त करता येते. फोटो आणि मापं व्यनितून (खासगी निरोपातून) पाठवतो, आधी तुमच्या मॅडमना दाखवा. त्या हो म्हणाल्या तर पार्सलने टाकतो.